दुखायला लागलं की घेईन

आत्याच्या फडताळात, हळदीच्या बरणीमागे, पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो. मागच्या वर्षी फेब्रुवारीत चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा वेलदोडे शोधताना तो हाताला लागला. आत रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती, रबर लावून थरावर थर रचलेली. ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. दहा गोळ्यांचं एक, अशी चौदा पाकिटं. एकाही गोळीवरचा चंदेरी कागद फाटलेला नव्हता.

"आत्या, ह्या घेत नाहीस का तू?"

"साठवल्यात," चुलीपुढून न उठताच ती म्हणाली. "दुखाय लागलं की घेईन."

आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिचं सगळं आयुष्य साठवण्यात गेलं. उन्हाळ्यात जळण रचायचं ते पावसाळ्यासाठी, ज्वारीचं बियाणं राखेत घालून ठेवायचं ते पुढच्या पेरणीसाठी. गोळ्याही तिनं त्याच शहाणपणानं ठेवल्या होत्या. वस्तू लागेल तेव्हा काढायची, आणि औषध लागतं ते दुखण्याला. तिला तर काहीच दुखत नव्हतं. वरचा दाब १६२, खालचा १००, आणि ती पहाटे पाचला उठून अंगण झाडत होती, दुपारी शेतावर भाकरी पोचवत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी तिचा राग आला. मग आतोबा आठवले आणि राग कुणाचा करावा हेच कळेना.

आतोबांच्या अंगावरनं वारं गेलं ते २०११ साली, ज्वारीच्या काढणीत. आमच्याकडे अर्धांगवायूला असंच म्हणतात, वारं गेलं. जणू ते बाहेरून कुठून तरी येतं आणि माणसाला स्पर्श करून निघून जातं. सकाळी नऊच्या सुमारास ते कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. उजव्या हातातली पेंढी निसटली. त्यांनी ती उचलली, बांधायला घेतली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा ते खाली बसले आणि पेंढीकडे बघत राहिले. आत्यानं हाक मारली तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

घरी आणलं. कुणीतरी मालिश करणाऱ्याला बोलवायला धावलं. कुणी म्हणालं, पारव्याचं रक्त चोळा. प्रेमानं, काळजीनंच सगळी धावपळ चालली होती. साताऱ्याला पोचेपर्यंत दिवे लागले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. त्या दिवशी ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट अशी की आतोबांचं बीपी वाढलंय हे दोन वर्षांपूर्वीच समजलं होतं. एका शिबिरात मोजलं होतं. मग जवळच्या एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आतोबांनी त्या इमानानं घेतल्या, एकही चुकवली नाही. पंधरा दिवस संपले, गोळ्या संपल्या, बरं वाटत होतं, विषय संपला. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही, ती रोज घ्यायची असते, बरं वाटलं तरी घ्यायची असते, हे वाक्य त्यांना कुणी सांगितलंच नाही. दोन मिनिटं लागली असती.

पुढची चार वर्षं ते सोप्यातल्या खाटेवर होते. त्यांना 'पाणी' म्हणता येत नसे. पण संध्याकाळी देवळात भजन सुरू झालं की टाळांच्या आवाजासरशी ते अभंगाचं ध्रुपद म्हणू लागत, शब्दच्या शब्द. घरातल्यांना तो चमत्कार वाटे. बोलण्याचे शब्द मेंदूच्या बहुधा डाव्या बाजूला असतात, गाण्याला उजवी बाजूही हात देते, म्हणून असं होतं. आत्याला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पाणी पण गाऊन मागाय शिकवाय पायजे हुतं की त्यास्नी."

आतोबांमुळेच मला ह्या आजाराबद्दल वाचायची सवय लागली. त्यात एक गोष्ट मनात घर करून राहिली, ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन नावाच्या नौदलातल्या तरुण हृदयरोगतज्ज्ञानं त्यांना तपासलं तेव्हा दाब १८६ आणि १०८ होता. महायुद्ध ऐन भरात होतं. पुढं वर्षभर आकडा चढत गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथं त्यांचं चित्र काढणं चाललं होतं. डोकं भयंकर दुखतंय, एवढं बोलून ते कोसळले. तेव्हा दाब ३०० आणि १९० मोजला गेला. त्याच दुपारी ते गेले, वय ६३. त्यांच्या मुख्य डॉक्टरांनी सांगितलं की हे निरभ्र आभाळातून आल्यासारखं आलं. म्हणजे आमच्या गावच्या भाषेत, वारं गेलं.

पण आकडे तर वर्षभर वहीत लिहिले जात होते. आभाळ निरभ्र नव्हतंच. डॉक्टरांच्या हाती मात्र फारसं काही नव्हतं. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेटी कमी करा, हृदयासाठी डिजिटालिस. जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही ती आत्याच्या फडताळात होती, चौदा पाकिटं.

ती गोळी येण्याच्या वाटेवर आपली मुंबईही आहे, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून इथं थांबते. रूझवेल्ट गेल्यावर चारच वर्षांनी, १९४९ साली, केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवर तपासून, आकडे मांडून दाखवलं. आपल्याकडे शतकानुशतकं ओळखीची असलेली मुळी त्या लेखामुळे जगाच्या नजरेत आली. १९५७ साली त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतूनच रेसर्पिन काढलं गेलं. आज ते क्वचितच देतात, त्याहून चांगली औषधं आली. पण दाब उतरवल्यानं माणसं वाचतात, हे ज्या प्रयोगानं सिद्ध केलं त्यातल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होतं. तो प्रयोग १९६७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दाब फार वाढलेले १४३ माजी सैनिक होते. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर झटका, रक्तस्राव किंवा मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत दोघांना. सत्तावीस आणि दोन. ह्या दोन आकड्यांमधले पंचवीस जण मला नेहमी डोळ्यांसमोर दिसतात, कारण आपण कशातून वाचलो हे त्यांना कधीच कळलं नसणार. न आलेल्या झटक्याची आठवण कुणाला राहणार?

म्हणून तर ह्या आजारांची जागृती इतकी अवघड. कॉलऱ्याला घाबरायला कुणाला शिकवावं लागलं नाही. बीपी, मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, दम्यासारखे श्वसनाचे जुनाट आजार, ह्यांना सरकारी भाषेत असंसर्गजन्य आजार म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. तो आजार काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, पसरत नाही ना, मग ज्याचं त्यानं बघावं. एका जंतूनं पसरत नाही हे खरं. पण आतोबांना झालं, आत्याला झालं, आणि आता माझ्या आतेभावाची पाळी आली. एकाच बरणीतलं लोणचं, एकाच तव्यावरची भाकरी, तंबाखूची एकच पुडी. २०२१ साली जगभरात ह्या आजारांनी निदान ४ कोटी ३० लाख माणसं दगावली, आणि त्यातली १ कोटी ८० लाख सत्तरीच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सत्तरीच्या आत गेलेल्यांतली दहापैकी आठ माणसं आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. बीपीचं म्हणाल तर तीस ते एकोणऐंशी वयाच्या १२८ कोटी माणसांना ते आहे असा त्याच संघटनेचा २०२१ मधला अंदाज, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नाही.

मिठाबद्दल मात्र मला सावकाश बोलायचंय.

मराठी माणसाला मीठ कमी खा म्हणणं सोपं नाही. आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. पान वाढताना पहिलं मीठ वाढायचं. दृष्ट काढायची ती मीठमोहऱ्यांनी. गरीब म्हणतो माझी मीठभाकर घ्या, आणि त्यात त्याचा सगळा मान असतो. ज्याच्यात काही राम नाही त्या बोलण्याला आपण अळणी म्हणतो. अशा भाषेत वाढलेल्या बाईला तुझ्या हातचं मीठ जास्त होतंय म्हणणं म्हणजे तिच्या हातालाच नाव ठेवणं. गावात लावलेल्या फलकावर 'मीठ कमी खा' असं लिहिलेलं असतं. आत्या त्याच्या खालूनच रोज शेताला जाते.

आशाताईनं ते वेगळ्या रीतीनं केलं. ती आमच्याच गावची सून. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं यंत्र, कमरेचा घेर मोजायची टेप आणि एक जाड वही. पगार नाही, मानधन आणि कामागणिक ठरलेले पैसे. तिनं आत्याला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "आजी, मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो ओ?" आत्याला सांगता येईना. "बरं, नवा फोडाल तवा त्याच्यावर तारीख घालून ठेवा."

पुडा बावीस दिवसांत संपला. घरात माणसं चार, नातवाला धरून. आशाताईनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माणशी दिवसाला साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, आणि लोणच्या-पापडांतलं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आपल्या देशाची सरासरी आठ ग्रॅमच्या घरात आहे. पाच ग्रॅमच्या हिशेबानं चार माणसांना एक पुडा पन्नास दिवस पुरायला हवा. आत्यानं एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "म्हंजी आमी दोन म्हैन्याचं एका म्हैन्यात खातूय." साठवण करणाऱ्या बाईला हे बरोबर लागलं. ताटातलं वरचं मीठ बंद झालं. खारवलेल्या मिरच्या रोजच्याऐवजी सणावारी गेल्या. भाजीत मीठ अर्ध्या मुठीऐवजी चमच्यानं पडू लागलं. पहिले पंधरा दिवस आतेभाऊ कुरकुरला, मग जिभेला सवय झाली. आता पुडा एकतीस दिवस जातो. पन्नास नाही, पण एकतीस.

चीनमध्ये हेच ६०० खेड्यांत करून पाहिलं गेलं, २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. सुमारे २१,००० माणसं, बहुतेकांना आधी झटका येऊन गेलेला, बाकीचे साठीपुढचे आणि बीपी वाढलेले. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ, निम्म्यांत असं मीठ ज्यात चौथा हिस्सा सोडियमऐवजी पोटॅशियमचा होता. बाकी काही बदललं नाही. पाच वर्षांनी बदललेल्या मिठाच्या खेड्यांत मेंदूचे झटके १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यूही घटले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि बीपीची काही ठरावीक औषधं घेणाऱ्यांनी असं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, ही सावधगिरी हवीच. पण मला त्यात मोलाचं वाटतं ते असं की तिथं कुणाच्या स्वभावाला दोष दिला गेला नाही. मिठाचा डबा तोच राहिला, आतलं मीठ बदललं.

फिनलंडमधल्या उत्तर करेलियाची कथा तर पन्नास वर्षांची आहे. रशियाच्या सीमेलगतचा, जंगलं आणि तळ्यांचा, दूधदुभत्याचा प्रांत. सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी तिथं ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकारानं इतके मरत होते की जगात त्याला तोड नव्हती. लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, काहीतरी करा. १९७२ साली पेक्का पुस्का नावाच्या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे ते काम आलं. त्यानं मोठं रुग्णालय मागितलं नाही. तो गृहिणींच्या संघटनेकडे गेला. बायकांनी गावोगाव मेजवान्या घातल्या, जुनाच रस्सा पण चरबी आणि मीठ कमी, भाज्या जास्त. तिथल्या सॉसेजवाल्यानं डुकराच्या चरबीचा काही भाग काढून त्यात अळंबी घातली. लोण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बोरांसारख्या रानफळांची शेती करायला मदत मिळाली, कारण लोणी खाऊ नका म्हणायचं आणि गोठा ओस पाडायचा, हे कुणी ऐकलं नसतं. चाळीस वर्षांत उमेदीच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

हे वाचताना सॉसेजवाल्याशी माझं मन जास्त जोडलं गेलं. त्यानं अळंबी घातली तेव्हा त्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं थोडं थोडं आयुष्य वाढलं असेल, आणि त्यातल्या कुणाला त्यासाठी निर्धार करावा लागला नाही. आपल्याकडे आजार झाला की पहिला प्रश्न असतो, पथ्य पाळलं नसशील. आतोबांनाही लोक हेच म्हणत. ज्या माणसाला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या त्यानं सोळाव्या दिवशी काय करायला हवं होतं? अर्धा दिवस मोडून, मजुरी बुडवून, एसटीनं तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि तेही काही दुखत नसताना.

सोळाव्या दिवसाचा हा प्रश्न सुटायला आपल्याकडे सुरुवात झाली आहे, हे मला आनंदानं सांगायचंय. देशात २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. कल्पना साधीच. सगळीकडे तीच ठरलेली दोन-तीन औषधं, एकावेळी तीस दिवसांची, घराजवळच्या उपकेंद्रात. प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याच्या दारात कुणीतरी जायचं. आत्याची चौदा पाकिटं तिथूनच आली होती. गोळ्या दारापर्यंत पोचल्या होत्या, पण तोंडापर्यंत जायचं अंतर राहिलं होतं.

ते अंतर आशाताईनं कसं मिटवलं ते मी त्याच मुक्कामात पाहिलं. मी डबा तिच्यापुढं ठेवला. ती रागावली नाही. तिनं आत्याला भिंतीला टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकवले. "मिश्री लावली का आत्ता?" लावली होती. मग अर्धा तास थांबायचं ठरलं, कारण तंबाखूनं दाब तेवढ्यापुरता चढतो. अर्ध्या तासानं पोलक्याची बाही वर सरकवली, उघड्या दंडाला पट्टा बांधला, हात छातीच्या उंचीला येईल असा उशीवर ठेवला. "आता पाच मिनिटं गप. बोलायचं नाही." आत्या इतकी गप मी कधी पाहिली नव्हती. पट्टा फुगला, दंडाचं मांस आवळलं गेलं, बांगड्या हलल्या. १६४, ९८.

"आजोबांचा किती होता?" आशाताईनं हळूच विचारलं.

"एकशेऐंशी."

"त्यांचं काय दुखत होतं का?"

आत्या बराच वेळ सोप्यातल्या मोकळ्या खाटेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाय. त्या दिसाच्या सकाळपर्यंत काय सुदिक दुखत नव्हतं." उठली, डबा उघडला, पहिला चंदेरी कागद फाडला.

तुळशीला पाणी घालायच्या तांब्याशेजारी आता गोळ्यांचं पाकीट असतं. रोज सकाळी तुळशीला पाणी, मग गोळी. रिकामी पाकिटं ती टाकत नाही, आशाताईला दाखवायला खिळ्याला अडकवून ठेवते.

ह्या दिवाळीत मी गेले तेव्हा आशाताई आलेली होती. आत्याचा दाब १३६ आणि ८४ निघाला. आतेभाऊ नुकताच ट्रॅक्टर लावून अंगणात आला होता. एक्केचाळीस वर्षांचा, धडधाकट. आत्यानं त्याला हाक मारून खुर्चीत बसवलं. "पाय खाली टेक. गप बस पाच मिनिटं. बोलू नगंस." पट्टा तिनं स्वतः बांधला, दोन बोटं आत सरकवून बघितली. १५८, १०२. आशाताई म्हणाली, एकदा मोजून ठरत नाही, उपकेंद्रात येऊन दोन-तीनदा बघू.

"मला काय होत नाही गं आई," तो हसत म्हणाला. "कुठं दुखतंय का माझं?"

आत्या काही बोलली नाही. आत गेली, डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आली, उंबऱ्याशी ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या आणि अंगणात त्याच्यासाठी थांबून राहिली.